उलटं म्हणजे उलटं

"वहिनी, मारू का आणखी?" भावोजींनी हातोडी उगारून विचारलं.

"मारा, पण कडेला मारा. मधे मारलात तर ड्रम तडकेल आणि मग बसा बोंबलत."

मागच्या ब्रेकचा ड्रम काही केल्या निघत नव्हता. गाडीचा मागचा भाग दोन लोखंडी घोड्यांवर उचललेला होता, पुढच्या चाकांना विटा लावल्या होत्या, मागची चाकं काढून भिंतीला टेकवली होती, आणि मी यांची जुनी पँट कमरेला नाडीने आवळून जमिनीवर बसले होते. हे दारात खुर्चीवर होते. उजवा हात मांडीवर नुसता पडलेला, आणि डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर टकटक, टकटक. सकाळपासून त्या टकटकीने माझं डोकं उठलं होतं.

"नको," हे म्हणाले. "नको, नको."

"बघा, दादा नको म्हणतोय," भावोजी थांबले.

"नको म्हणजे हो. मारा तुम्ही."

तिसऱ्या घावाला ड्रम सुटला आणि काळी धूळ उडाली. मी फुंकर मारायला गाल फुगवले, तेवढ्यात यांनी दांड्यावर जोरात थाप मारून आपलं नाक दाबून दाखवलं. बरोबरच होतं. ती धूळ फुंकायची नसते, छातीत जाते. आधी भिजवायची आणि मग पुसायची. सव्वीस वर्षं, गाडीचं काम घरीच काढताना, हाताशी बसलेल्या मला हे हेच बजावत आले होते.

सात महिन्यांपूर्वी यांना झटका आला. त्याआधी एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपावर मेकॅनिक. पंप नुसता चालू झाला की आवाजावरून सांगायचे, कुठलं बेअरिंग गेलंय ते. झटक्याने उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. म्हणजे गेलं असं नाही, शब्दांची अदलाबदल झाली. चष्मा हवा असला की चमचा मागायचे. चहा निवला की "गरम, गरम" म्हणून कप ढकलायचे. हो आणि नको यांची तर कायमची फुगडी. पहिले दोन महिने आमचा नुसता गोंधळ. मग घरात एक नियमच पडला: हे जे म्हणतील त्याच्या उलट धरायचं. आणि तरीही काही कळलं नाही तर "हो हो" म्हणून मोकळं व्हायचं.

यात सगळ्यात पुढे मी. मला धीर म्हणून नाहीच. लोकांचे कपडे शिवून देते मी. दिवसभर मशीन चालवून चालवून जीवही तसाच झालाय, सारखा धावता. यांनी "पा" म्हटलं की मी पाणी आणून ठेवणार. त्यांना पाय दुखतोय असं सांगायचं असेल, हे माझ्या गावीही नाही. बोलणं शिकवायला जी मुलगी आहे तिने मला बाजूला घेऊन एकदा स्पष्ट सांगितलं, "काकू, आपलं कुणी ऐकत नाही असं वाटलं ना, की माणूस बोलायचंच सोडतो. काका त्याच वाटेवर आहेत." खरं होतं ते. महिनाभर हे दिवसाला पाच-सहा शब्दांवर आले होते. घरात नुसता मशीनचा आवाज. मला भीती वाटायची, एक दिवस हे कायमचे गप्प होतील आणि आम्हाला ते चार दिवसांनी कळेल.

मग गेल्या रविवारी गाडीतून येताना हे मागच्या सीटवर एकदम ओरडले, "चप्पल! चप्पल!"

मी गाडी कडेला घेतली. यांच्या पायाकडे बघितलं, दोन्ही चपला जागच्या जागी. सीटखाली बघितलं. भावोजी तर उतरून मागे रस्त्यावर शंभर पावलं शोधून आले. हे आपले कपाळावर हात मारतायत. तीन दिवसांनी मागच्या चाकातून खर्र खर्र यायला लागलं तेव्हा माझी ट्यूब पेटली. चप्पल म्हणजे शू. ब्रेक शू! शूवरचा घासणारा थर, लायनर, संपल्याचं यांना आमच्या आधी कळलं होतं, आणि आम्ही रस्त्यावर चपला शोधत होतो. मी किती हसले त्या दिवशी. हेही हसले, तोंड वाकडं झालं तरी हसले, आणि त्या संध्याकाळी ब्रेकबद्दल वीस-पंचवीस शब्द तरी बोलले असतील.

म्हणून मी हे काम घरी काढलं. गॅरेजवाला आठ दिवसांनी या म्हणाला होता, हे एक कारण. उद्या सकाळी नऊला यांचा बोलण्याचा वर्ग आहे, पुलापलीकडे, मोठा उतार उतरून, हे दुसरं. पण खरं कारण वेगळंच होतं. या माणसाला बोलायला काहीतरी हवं होतं.

"वहिनी, तुम्ही पण ना," भावोजी म्हणाले होते, "दादाला काय कळतंय आता? उगाच ब्रेकशी खेळ."

ते यांच्या समोर म्हणाले. मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याची लाज मला अजून वाटते.

भावोजी तसे वाईट नाहीत. गोदामात सुपरवायझर आहेत, दुपारी चारची पाळी, आणि तरी सकाळीच येऊन हजर. पण चारच्या आत उरकायचं म्हणून त्यांनी टुमणं लावलं, "तुम्ही डावं खोला, मी उजवं खोलतो. अर्ध्या वेळात होईल." मलाही तेच हवं होतं. हे "एक, एक" म्हणाले, बोट वर करून. मी म्हटलं, "हो हो, एकेक करूनच खोलतोय," आणि दोघंही दोन बाजूंना भिडलो.

स्प्रिंगा काढताना एक उडून कोपऱ्यात गेली, ती शोधण्यात पंधरा मिनिटं. हँडब्रेकची केबल सुटता सुटेना. जुन्या शूंवरचं लायनर पार उडालेलं, नुसतं लोखंड राहिलं होतं. असल्या ब्रेकवर यांना बसवून त्या उतारावरून मी आठवड्यात दोनदा जात होते.

मग मी दोन्ही चाकांमधलं किडूकमिडूक, स्प्रिंगा, पिना, दोन शूंना बाहेर ढकलणारा दातेरी चाकीचा स्क्रू, सगळं एकाच बादलीत साबणाच्या पाण्यात टाकलं. भांडी घासावीत तसं खसाखसा घासलं आणि फडक्यावर मांडलं. अर्धं इकडे, अर्धं तिकडे. दोन्हीकडचं सामान दिसायला अगदी सारखं.

"उलटं," हे म्हणाले.

मी वर बघितलं.

"उलटं. उलटं!"

मला हसू आलं. "ऐकलंत का भावोजी, उलटं म्हणतायत. म्हणजे सुलटंच आहे. चला, पास झालो आपण!"

भावोजीही हसले. "दादाचं सर्टिफिकेट मिळालं."

"उलटं," हे पुन्हा म्हणाले. चेहरा लाल झाला होता. डावा हात हवेत फिरवत होते, काहीतरी पिळल्यासारखा. "उलटं... आ... आ..."

"आलं, आलं लक्षात!" मी म्हटलं.

यांनी तोंड मिटलं. हात खाली घेतला. टकटकही थांबली. मान वळवून हे भिंतीकडे बघत बसले, आणि मला वाटलं, चला, जरा शांतता मिळाली, आता काम तरी होईल.

झालंही. अडीच वाजेपर्यंत दोन्ही बाजूंना नवे शू बसले, ड्रम चढले, चाकं लागली. भावोजी साबणाने कोपरापर्यंत हात धूत होते. मी गाडी गल्लीत काढली. नवीन शू बसवले की हे नेहमी गल्लीत गाडी मागे घेत आणि कचकन ब्रेक दाबत, दहा-बारा वेळा. तसं केलं की ती दातेरी चाकी आपोआप एकेक दाता पुढे सरकते आणि ब्रेक घट्ट होत जातो. मी तेच केलं.

पहिल्यांदा ब्रेक छान लागला. दुसऱ्यांदाही. चौथ्या वेळी वाटलं, पेडल जरा खोल गेलं का? मनाचे खेळ, म्हटलं. सहाव्या वेळी पुन्हा तसंच. आठव्या वेळी पाय जवळजवळ खालच्या चटईला टेकला आणि गाडी थांबली ती शेजाऱ्यांच्या फाटकापासून वीतभर अंतरावर.

मी इंजिन बंद केलं. हात स्टिअरिंगवर तसेच. ब्रेक घट्ट होण्याऐवजी सैल होत होता. म्हणजे चाकी फिरत होती, पण उलटी फिरत होती.

उलटी.

आणि मग तो हवेत पिळलेला हात डोळ्यांसमोर आला, आणि ते "आ... आ...". आटा. आटे म्हणत होते ते! एका बाजूच्या स्क्रूचे आटे सुलटे आणि दुसऱ्या बाजूचे उलटे, म्हणून दोन्ही चाकांत ते घट्टच होत जातात. मी ते बादलीत घालून इकडचे तिकडे केले होते. म्हणून हे एकावेळी एकच चाक खोलायचे, सव्वीस वर्षं, आणि पहिलं बंद झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. आजही तेच सांगितलं होतं, बोट वर करून. मी लोकांच्या कपड्यांची डावी बाही कधी चुकून उजवीला लागू दिली नाही, आणि हे असं करून बसले. आख्ख्या दिवसात या माणसाने एकही शब्द चुकीचा उच्चारला नव्हता. उलटं म्हणजे उलटंच होतं. उद्या सकाळी मी याच माणसाला मागे बसवून तो उतार उतरणार होते.

मी परत दारापाशी आले तेव्हा हे अजून भिंतीकडेच बघत होते. मी खुर्चीसमोर खाली बसले.

"अहो. तुम्ही आटे म्हणत होतात ना? उलटे आटे?"

मी यांचा डावा हात हातात घेतला.

"मी अदलाबदल केली. तुम्ही सांगत होतात आणि मी... मी माझंच तोंड चालवत बसले. चुकलं माझं. फार चुकलं."

यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते. राग होता त्यात, नुसतं रडू नव्हतं, आणि खरं सांगते, तो राग बघून मला बरं वाटलं. गप्प झालेल्या माणसाला राग येत नाही.

"नको," हे म्हणाले.

माझ्या ओठांवर आलंच होतं काहीतरी. मी ते गिळलं.

"नको म्हणजे नको, की हो?" मी विचारलं. सात महिन्यांत पहिल्यांदा विचारलं.

यांनी मान आडवी हलवली. नको म्हणजे नको. काय नको, ते मला अजूनही नीट माहीत नाही. कदाचित रडू नको. मी डोळे पुसून उठले.

भावोजी दारात हात पुसत उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी गोदामात फोन लावला, उशीर होईल म्हणून सांगितलं, आणि जॅक उचलला.

आम्ही गाडी ढकलत पुन्हा दारासमोर आणली आणि या वेळी आधी फक्त डावं चाक खोललं. खुर्ची उचलून गाडीजवळ आणली, यांना अगदी ड्रमच्या समोर बसवलं. मी स्क्रू काढून यांच्या डाव्या तळहातावर ठेवला. यांनी अंगठ्याने ती दातेरी चाकी फिरवली, आटे बघितले, आणि तो स्क्रू मला परत न देता उजव्या चाकाच्या दिशेने हात लांब केला. मग उजवं चाक उघडलं, आणि तिथला यांच्या हातात दिला. हा डावीकडे, तो उजवीकडे. यांनी दाखवायचं आणि आम्ही लावायचं. साडेचार झाले, पाच झाले. मशीनवर लोकांचे कपडे तसेच पडले होते आणि मला त्यांची आठवणही झाली नाही.

शेवटी डाव्या बाजूचा ड्रम चढवून भावोजींनी मागच्या भोकातून पेचकस आत घातला. आता ती चाकी किती फिरवायची, हा प्रश्न होता. फार घट्ट झाली तर चाक तापतं, सैल राहिली तर ब्रेक उशिरा लागतो.

"वहिनी, किती दाते?"

उत्तर मला माहीत होतं. सव्वीस वर्षं बघितलंय. जिभेच्या टोकावर होतं.

"त्यांना विचारा."

"दादाला?" भावोजींनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "वहिनी, तो..."

"विचारा तर."

भावोजी वळून यांच्यासमोर उकिडवे बसले. "दादा," ते म्हणाले, "किती फिरवू रे?"

यांनी तोंड उघडलं. काही आलं नाही. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. गळ्याची शीर ताणली गेली. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले, नाहीतर ते काहीतरी करायला गेले असते. भावोजी हलले नाहीत. गल्लीतून एक गाडी गेली, तिचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत गेला आणि विरला, आणि आम्ही दोघं तसेच, यांच्या तोंडाकडे बघत.

"का..." हे म्हणाले. "का... कान."

भावोजींनी माझ्याकडे बघितलं नाही. ते गुडघ्यांवर बसले, वाकले आणि शू घासल्याचा आवाज येतो का ते ऐकायला कान ड्रमला टेकवला. एका हाताने ड्रम हळूच फिरवला, दुसऱ्या हाताने पेचकस धरला, आणि डोळे मिटून एक दाता सरकवला.

"आणखी?" त्यांनी विचारलं.

हे ऐकत होते. आम्ही थांबलो.