पंच्याऐंशी सेंटिमीटर

मी हेडर बोलतोय. इंजिनाच्या कुशीला लावलेल्या चार वाकड्या नळ्या, पुढे जाऊन एकीत मिसळणाऱ्या, तो मी. इंजिनाने जाळून टाकलेलं मी बाहेर नेतो. दिसायला आतड्यासारखा आहे. लोक गाडीचा रंग बघतात, चाकं बघतात, आणि मी तापून लाल झालो तरच माझ्याकडे बघतात.

मला आर्नोने बनवलं, कौहायोकी गावाच्या बाहेर, बटाट्याच्या शेताला लागून असलेल्या शेडमध्ये. जुन्या कोरोला गाडीसाठी. आधी मी साठ सेंटिमीटरचा होतो. शर्यतीची गाडी म्हणजे आखूड नळ्या, असं त्यानेही कुठेतरी ऐकलं होतं. खाणीतल्या मातीच्या ट्रॅकवर आम्ही गेलो आणि फजिती झाली. सरळ रस्त्यावर गाडी किंचाळत पळायची, पण वळणातून निघताना रुसलेल्या गायीसारखी जागीच उभी.

आर्नो शेडमध्ये खोक्यावर बसून विचार करत राहिला. मग धाकट्या भावाला, नीलोला, म्हणाला, "इंजिनातून धूर धक्क्याने निघतो. त्या धक्क्याची लाट नळीच्या टोकापर्यंत जाते आणि तिथून ओढ होऊन परत येते. झडप उघडी असताना ती परत पोचली, तर उरलेला धूर ओढून काढते."

"आणि नाही पोचली तर?"

"तर उगाच येऊन जाते. तुझ्यासारखी. नळी लांब असली की ओढ उशिरा येते, म्हणजे इंजिन हळू फिरत असताना वेळ साधते. आपल्या ट्रॅकला सात वळणं आहेत आणि सरळ रस्ता एवढासा. मग आपल्याला काय पाहिजे?"

"जास्त पेट्रोल," नीलो म्हणाला.

आर्नो हसला. "तुझ्या पायाला मधली पायरीच नाही. एक तर बंद, नाही तर तळाशी."

त्याने मला चार ठिकाणी कापलं, प्रत्येक नळीला तुकडा जोडला, आणि मी पंच्याऐंशीचा झालो. चारही नळ्या सारख्या. ते चार सांधे माझ्या अंगावर अजून आहेत. हंगाम संपल्यावर घेतलेल्या सरावात वळणातून निघताना गाडीने अशी उडी घेतली की आर्नो हेल्मेटच्या आत मोठ्याने गायला लागला. बेसूर गात होता. मी ऐकलंय.

आमच्या या शर्यतीचा एक नियम आहे. शर्यत संपली की तुमची गाडी कुणीही मागू शकतो, सगळ्यांना एकाच ठरलेल्या किमतीला. चिठ्ठी लिहायची आणि पेटीत टाकायची. एकाहून जास्त चिठ्ठ्या आल्या तर त्यातली एक काढतात. गाडी द्यायला नाही म्हणालात तर वर्षभर ट्रॅकवर यायचं नाही. म्हणून कुणी गाडीत सोनं ओतत नाही. आर्नोच्या चार गाड्या अशाच गेल्या. प्रत्येक हिवाळ्यात त्याने नवी बांधली. म्हणायचा, "कुणी मागितलीच नाही, तर समजायचं बरी झाली नाही."

पाचवी ही. हिच्यात मी.

मार्चमध्ये आर्नो जंगलात लाकूड तोडायला गेला. वादळात अर्धवट कललेलं एक झाड होतं. ते दुसऱ्या झाडाला टेकलेलं होतं आणि सुटलं. यापलीकडे मला सांगता येणार नाही. मला राग येतो. लोखंडाला राग येत नाही म्हणतात, तर मग माझ्यात हे काय आहे?

नीलो वीस वर्षांचा. शाळा त्याने मधेच सोडली होती, आर्नोच्या मागे हिंडायला. दफनानंतर सगळे कॉफी पीत बसले होते, तेव्हा तो शेडमध्ये आला आणि दाराला लाथा घालत राहिला. दार मोडलं. मग ते त्यानेच दुरुस्त केलं, आणि पुन्हा मोडलं.

मेमध्ये हंगामाची पहिली शर्यत होती. नीलोला आर्नोची गाडी एकदा चालवायची होती. आणि ती कुणी न्यायलाही नको होती. चिठ्ठी तर कुणीही टाकणार. आर्नोची गाडी कशी पळते ते सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं.

मग त्याच्या डोक्यात आलं ते आमच्याकडच्याच माणसाच्या डोक्यात येऊ शकतं. गाडी बिघडवायची. चालवायची, पण अशी की कुणाला हवीशी वाटू नये. त्याने मला गाडीतून काढलं आणि पकडीत आवळलं.

"तीस सेंटिमीटर करतो तुला," तो मला म्हणाला. माझ्याशी तो बोलायचा. दुसऱ्या कुणाशी बोलत नव्हता. "मग वळणात मरशील. मग कोण नेतो बघू."

मला ओरडायचं होतं. अरे, मला वाचवायला मलाच कापतोस? पण इंजिन चालू नसलं की मला आवाज नसतो.

ग्राइंडर लागला. ठिणग्या उडाल्या. पहिली नळी आर्नोच्या सांध्याजवळच तुटली आणि तिचं टोक नीलोच्या हातात आलं. कड गरम होती, तरी त्याने ती धरून ठेवली. मग कुणास ठाऊक का, त्याने आत बोट घातलं.

बाहेरून सांधा खडबडीत होता. आर्नोला देखण्या कामाची हौस नव्हती. आत मात्र तो गुळगुळीत होता. कानशीने घासून, पुन्हा घासून, बोटाला कळणारही नाही असा केलेला. धूर अडखळू नये म्हणून. जिथे कुणी कधी बघणार नव्हतं तिथे त्याने चार दिवस घातले होते. तेव्हा नीलो त्याला चिडवायचा, की नळीत बसून काय करतोस, संसार थाटतोस का.

नीलो खाली बसला. बोट आतच. तो रडला, आणि ते मी कुणाला सांगणार नव्हतो. पण सांगितलं.

मग त्याने मला जोडलं. त्याचं वेल्डिंग जाड, जणू नळीच्या मानेला गाठ आली. पण आतून त्याने घासलं. पूर्ण रविवार घासलं. बोट घालायचा, शिवी द्यायचा, परत घासायचा. कापताना पात्याने जे खाल्लं ते गेलंच, म्हणून माझी पहिली नळी आता बाकीच्यांपेक्षा दोन मिलिमीटर आखूड आहे. इंजिनाला कळत नाही. मला कळतं.

शर्यतीत त्याने वेड्यासारखी गाडी हाकली नाही. वळणात पाय मध्ये धरला. पहिल्यांदाच. मी त्याला खालून ओढ दिली, जेवढी माझ्यात होती तेवढी सगळी. आम्ही दुसरे आलो.

पेटीत सहा चिठ्ठ्या होत्या. नीलो सॉसेजच्या शेगडीजवळ उभा होता, हातातलं सॉसेज तसंच गार होत होतं. नाव निघालं हेल्मीचं. हेल्मीकडे तीस गायी आहेत, वय पन्नासच्या पुढे, आणि वळणात ती कुणाच्या बापाला ऐकत नाही.

ती त्याच्याजवळ आली. "नीलो, नाही म्हण. एक वर्ष घरी बसशील, एवढंच. मी रागावणार नाही."

नीलोने गार सॉसेज शेगडीच्या कडेला ठेवलं. मी बॉनेटखाली गार होत टकटक करत होतो.

"सहा जणांनी मागितली," तो म्हणाला. "म्हणजे बरी झालीय."

"बरी झालीय," हेल्मी म्हणाली.

त्याने किल्ली दिली. "पहिल्या नळीचा जाड सांधा माझा आहे. हसू नकोस."

"हसणार. पण तडकला तर तुलाच बोलावणार."

आता मी हेल्मीच्या गोठ्याशेजारी राहतो. अंगावर गंज आहे, चिखल आहे, थोडं शेणही. मागच्या आठवड्यात नीलो आला होता. तो स्वतःची गाडी बांधतोय. हेल्मी म्हणाली, "ये, माप घेऊन जा याचं." त्याने माझ्याकडे पाहिलं, सांध्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "नको. आर्नो खालून ओढायचा, इंजिन हळू असताना. मला इंजिन जरा जोरात फिरवायला आवडतं. मी बहात्तर सेंटिमीटर धरलेत."

"चुकले तर?"

"तर कापीन. नाही तर जोडीन."

उद्या मला आणखी कुणी चिठ्ठी टाकून नेईल. त्याला माझं एवढंच सांगणं आहे. मला आठवण म्हणून भिंतीवर टांगू नका. तापवा. वळणात पाय मध्ये धरा, म्हणजे मला मागून ओढता येईल. आणि ट्रॅकवर बहात्तरवाला शेजारून किंचाळत पुढे गेला, तर जाऊ द्या त्याला. तो माझा धाकटा भाऊ आहे.