पाचच्या गाडीचा डबा

अनुपमाचं तोंड पाह्यलं की माहं डोकं सरकते, हे आधीच सांगून ठेवते. मागून कोणी म्हणू नये का काजलनं गोडगोड बोलून फसवलं.

अन् तेच तोंड मले रोज सकाळी साडेनऊले खामगावच्या स्टँडवर पाहा लागे. मेहकरची गाडी जानेफळवरून येते. त्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटमागं आमच्या गावचे दोन डबे असत. पहाटे माय भाकरी थापे, बाप फाट्यावर जाऊन कंडक्टरच्या हातात डबा देई, अन् इकडं आपण उतरून घ्याचा. लाल फडक्यातला डबा माहा. हिरव्या फडक्यातला अनुपमाचा. दोघी दहा हात दूर उभ्या राहू. ती पूर्वेकडं पाहे, तं मी पश्चिमेकडं. कंडक्टर दोन्ही डबे एकदम खाली द्याले गेला तं एकजण मागं सरके. त्याले वाटे, ह्या पोट्ट्या येड्या आहेत.

भांडण आमचं नव्हतं, बापांचं होतं. तिचा बाप रंगराव अन् माहा बाप उकंडराव, दोघांची शेतं लागून. तीन वर्षांआधी रंगरावच्या ट्रॅक्टरनं आमचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, हातभर कोरला. माह्या बापानं त्याच्या पाठीत काठी घातली. मंग पोलीस ठाणं, तहसील, मोजणीवाला, सगळं झालं. धुरा मोजून जागेवर आला, पण सुंभ जळला तरी पीळ जळते काय? तवापासून त्यांच्या घरचं पाणी आमी पेत नाही अन् आमच्या घरचं ते. अनुपमा अन् मी सातवीपर्यंत एका बाकावर बसलो होतो, हे आता सांगून पटत नाही कोणाले.

खरं सांगाचं तं मी खामगावले शिकाले आली तेबी या भांडणाच्याच जोरावर. बारावी झाली तवा बाप म्हणे, झालं तेवढं बस. मी दोन दिवस जेवली नाही, त्यानं ढुंकून पाह्यलं नाही. तिसऱ्या दिवशी बातमी आली का रंगरावनं पोरीले खामगावच्या कॉलेजात बी.एस्सी.ले टाकलं. बाप जेवून राह्यला होता. तो ताटावरून उठला. ‘‘रंग्याची पोट्टी शिकीन अन् माही काय शेण काढीन?’’ चौथ्या दिवशी माही ॲडमिशन झाली. रंगराव माह्या कामात आला तो एवढाच.

पण बापानं एक अट घातली. सकाळचा डबा खाऊन, धुऊन, त्याच दिवशी पाचच्या गाडीनं वापस आला पाहिजे. रोज संध्याकाळी तो स्वतः फाट्यावर येई, डबा कानाजवळ नेऊन हलवे. रिकामा असला म्हणजे पोरगी कॉलेजात होती, जेवली, शिकली. भरलेला आला म्हणजे पोरगी भटकाले गेली. ‘‘फोनवर कोणीबी खोटं बोलते,’’ तो म्हणे, ‘‘डबा खोटं बोलत नाही. एक दिवस भरलेला आला, तं दुसऱ्या दिवशी मी येतो तुले घ्याले.’’ अन् हीच अट रंगरावनंबी घातली होती. कोणी कोणाची चोरली, देव जाणे. दोघं बाप फाट्यावर दहा हात दूर उभे राहून आपापला डबा हलवत.

मले वापस जाचं नव्हतं. हे डोक्यात ठेवा, बाकी काही नाही ठेवलं तरी चालते. खामगावले माही स्वतःची उशी होती. केसरबाईच्या घरी वरची खोली, महामाया नावाची रूममेट, अंघोळीले एकच बादली गरम पाणी अन् त्यावरून रोजची कचकच. पण दार आतून लावलं का आपलं राज्य. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमध्ये माहा हात चांगला चाले, सर म्हणत माती परीक्षणाच्या लॅबमध्ये नोकरी भेटीन तुले. संध्याकाळी स्टँडमागं पाणीपुरी, रविवारी शेगावची कचोरी, कधी दुपारचा सिनेमा. गावात मी उकंडरावची पोरगी होती. खामगावात लोक मले काजल म्हणत.

मंग तो शुक्रवार आला. आमच्या वर्गातल्या प्रज्वलचं नांदुऱ्याच्या रस्त्यावर शेत आहे. त्यानं रोडग्यांची पार्टी ठेवली. सहाजण होतो. सकाळी आठलेच खोलीवरून परस्पर निघालो. पोट्ट्यांनी गोवऱ्यांचा जाळ केला, आमी कणकेचे गोळे वळले, निखाऱ्यात लोटले. प्रज्वलनं वांग्याची भाजी एवढी झणझणीत केली का सगळ्यांच्या नाकातून पाणी. महामाया विहिरीवर उभी राहून रील काढून राह्यली होती अन् तिची एक चप्पल विहिरीत पडली. हसून हसून पोट दुखलं. रोडगा फोडला, वर तूप सोडलं, पहिला घास तोंडात घातला, अन् महामाया म्हणते, ‘‘तुह्या मायनं काय देल्लं असीन वं आज डब्यात?’’

हातातला रोडगा म्या खाली ठेवला. डबा! दुपारचा एक वाजून गेला होता अन् माहा डबा स्टँडवर. न नेलेला डबा तिथल्या कंट्रोलरच्या टेबलाखाली पाचपर्यंत थांबते अन् जसाच्या तसा वापस जाते. दीड वर्षात मी एक दिवस चुकली नव्हती. ‘‘प्रज्वल, गाडी काढ बे!’’ मी ओरडली. तोंडाले स्कार्फ गुंडाळला अन् तशीच त्याच्यामागं बसली.

टेबलाखाली डबा नव्हता.

‘‘लाल फडकं ना?’’ कंट्रोलर म्हणे. ‘‘ते सकाळीच हिरव्या फडक्यावाली घेऊन गेली.’’

माह्या अंगाची लाही झाली. तिनं बरोबर संधी साधली, म्या म्हटलं. आता ही भरलेला डबा घेऊन जाईन माह्या बापाजवळ, का पहा, उकंडरावची पोट्टी काय गुण उधळून राह्यली. म्या प्रज्वलले वापस धाडलं अन् स्टँडवर बसून राह्यली. पावणेपाचले ती आली. सरळ नळावर गेली. माहा डबा राखेनं घासला, विसळला, लाल फडक्यात बांधला, वर माही माय मारते तशीच दुहेरी गाठ मारली.

मी तिच्या अंगावरच गेली. ‘‘माह्या डब्याले हात काऊन लावला वं?’’

‘‘तोंडाले स्कार्फ लावून कुठून आली तू, ते विचारलं काय म्या?’’ तिनं डबा माह्या हातात आदळला. ‘‘अन् तुमच्या घरचं अन्न मी खाल्लं नाही. सुभद्राबाईले देल्लं.’’ सुभद्राबाई स्टँडवर शेंगा विकते. तिनं तिकडून मान हलवली, भाजी चांगली होती म्हणे.

‘‘मले तुहे उपकार नोको!’’

‘‘उपकार कोण करते वं तुह्यावर? तू गावात जाऊन बसली ना, तं—’’

‘‘तं काय? पेढे वाटशीन?’’

तिनं आपला हिरवा डबा उचलला. मंग म्हणे, ‘‘तुह्याशी बोलणं म्हणजे भिंतीले डोकं आपटणं आहे.’’ अन् गेली. तिले काय म्हणाचं होतं ते म्या ऐकून घेतलं नाही. डबा पाचच्या गाडीनं गेला, बापानं कानाजवळ हलवला, सगळं ठीक. अन् मले राग कायचा आला सांगू? तिनं बदनाम केलं असतं तं बरं होतं. दुश्मनानं वाचवलं हे गिळता येईना. महिनाभर मी त्याच रागात जळली.

डिसेंबरातली गोष्ट. सकाळी स्टँडवर ती आली नाही. कंडक्टरनं लाल डबा देल्ला, मंग हिरवा पुढं केला. ‘‘हाबी घेता काय, ताई?’’

‘‘माहा नाही तो.’’

‘‘माहीत आहे. तुमच्याच गावचा ना पण.’’

‘‘माहा नाही म्हटलं ना!’’

त्यानं तो डबा टेबलाखाली नेऊन ठेवला. मी कॉलेजात गेली. मन लागलं नाही, हे कबूल करते. तीन वाजता अनोळखी नंबरवरून फोन आला. तिचा नंबर म्या कवाच ब्लॉक केला होता, म्हणून मैत्रिणीच्या फोनवरून लावला असीन. आवाज ओळखला म्या पहिल्याच शब्दाले.

‘‘काजल, ठेवू नोको. मी शेगावले आली, वर्गातल्या पोरी घेऊन आल्या. यांची गाडी बंद पडली, पाचच्या आत येणं होत नाही. माहा डबा तेवढा—’’

‘‘राँग नंबर,’’ म्या म्हटलं अन् ठेवला.

फोन दोनदा वाजला पुन्हा. म्या वाजू देल्ला.

पाचले मी स्टँडवर गेली. काय कराले गेली, मलेबी माहीत नाही. लाल डबा देल्ला अन् सुभद्राबाईच्या गाड्याजवळ उभी राह्यली. कंडक्टर हिरवा डबा काढून घेऊन चालला. जड होता. हातावरून दिसत होतं.

‘‘घे ना वं तो,’’ सुभद्राबाई म्हणे. ‘‘तिनं नव्हता घेतला तुहा?’’

‘‘तुमी शेंगा विका, मावशी.’’

गाडी निघाली. मले बरं वाटलं. खोटं कायले बोलू? फार बरं वाटलं. त्या दिवशी म्या दोन प्लेट पाणीपुरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी साडेनऊच्या गाडीतून रंगराव उतरला, हातात तोच हिरवा डबा. अनुपमा उभीच होती. त्यानं भर स्टँडवर डबा तिच्यासमोर धरला. ‘‘खोल,’’ म्हणे. तिनं खोलला. रात्रभराची भाजी, आंबट वास आला. ‘‘खाय आता.’’ शंभर लोक पाहून राह्यले होते. तिनं भाकरीचा तुकडा मोडला अन् तोंडात घातला. रडली नाही. मंग दोघं तिच्या खोलीवर गेले, अन् तासाभरात वळकटी, पेटी, पुस्तकांची पिशवी घेऊन वापस आले. मी तिथीच होती. तमाशा पाहाले थांबली होती, दुसरं काय.

गाडीत चढता चढता ती माह्याजवळ थांबली. ‘‘तुले कळलंच नाही वं,’’ एवढंच म्हणे. म्या नाक मुरडलं.

पुढचे आठ दिवस स्टँड माह्या एकटीचं होतं. पूर्वेकडं पाहू का पश्चिमेकडं, कोणाची अडचण नव्हती. कंडक्टर एकच डबा आणे. महामायानं दोनदा सिनेमाले चाल म्हटलं, मले जावंसं वाटलं नाही. रात्री केमिस्ट्री उघडून बसे अन् तोच एक परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचे.

नवव्या दिवशी गाडी आली, पण डबा कंडक्टरजवळ नव्हता. माहा बाप उतरला. हातात लाल डबा, अन् काखेत रिकामं पोतं होतं, घडी केलेलं.

‘‘बाबा? मायले काही झालं काय?’’

‘‘मायले काय होते? चाल, सामान भर. घरी जाचं आहे.’’

कोणी सांगतलं? रोडग्याचं कळलं काय? प्रज्वलच्या गाडीवर कोणी पाह्यलं काय? ‘‘माहा डबा तं रोज रिकामा येते ना, बाबा! एक दिवस चुकली काय मी?’’

‘‘नाही ना. मी कुठं म्हणतो?’’ बाप खरंच गोंधळला. त्यानं माह्या डोक्यावर हात ठेवला, जन्मात ठेवला नव्हता. ‘‘तुही काही चूक नाही, बाई. पण रंग्याची पोट्टी बसली घरी. तिचं लगन जमून राह्यलं मलकापूरले, कापसाचा व्यापारी आहे म्हणते. आता मांडव काय पहिले त्याच्या दारात पडू देऊ? तुह्यासाठी म्याबी एक जागा पाह्यली.’’

‘‘अन् माहं शिकणं?’’

‘‘शिकणं?’’ तो म्हणे. ‘‘आता कोणाले दाखवाले शिकवू तुले?’’

तवा मले अनुपमाचं ते अर्धं राह्यलेलं बोलणं पूर्ण ऐकू आलं. तू गावात जाऊन बसली तं माहा बापबी मले ठेवणार नाही इथं. एवढंच म्हणाचं होतं तिले. तिनं माहा डबा घासला तो स्वतःसाठी घासला होता. अन् म्या तिचा वापस जाऊ देल्ला, तो माहाच होता.

मी बापाच्या पाया पडली. परीक्षेपर्यंत तरी राहू द्या म्हटलं. तो म्हणे, लोक पाहून राह्यले, उठ. केसरबाईनं पायरीवर उभं राहून डोळे पुसले, अन् गरम पाण्याच्या बादलीचं काही मनात ठेवू नोको म्हणे. महामाया कॉलेजात होती, ती भेटलीच नाही. पुस्तकं पोत्यात भरली.

संध्याकाळी पाचच्या गाडीशी आमी उभे होतो. कंडक्टरनं सवयीनं हात पुढं केला, ‘‘द्या ताई, डबा.’’ लाल फडक्यातला डबा बापानं सकाळी आणलेलाच होता, दुपारी धुतलेला. म्या त्याच्या हातात देल्ला नाही. मांडीवर घेतला अन् खिडकीजवळ बसली.