आईला कमी फेकते

या, असे जवळ सरका, मागं कुणी उभं राहू नका. स्पेनमधल्या कादिस शहराच्या कार्निवलात घडलेली गोष्ट सांगतो. हसू आलं तर खुशाल हसा, पण मधेच उठू नका.

नूला आयर्लंडहून तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायला आली तेव्हा तिची स्पॅनिश यथातथाच. पोरांना सांगायचं होतं, "केस विंचरून या." स्पॅनिशमध्ये दोन्ही शब्द जवळजवळ सारखेच, तोंडातून निघालं, "कुत्रे विंचरून या." दुसऱ्या दिवशी एक पठ्ठ्या खरंच कुत्रा घेऊन दारात! पोरंही तिला सवाई. "आई कुठं आहे?" विचारलं की इंग्रजीत ठसक्यात उत्तर, "कोंबडीत." म्हणायचं असायचं किचन, निघायचं चिकन. संध्याकाळी नूला हे सगळं मिलाग्रोसला सांगे आणि दोघी पोट धरून हसत. मिलाग्रोस त्याच शाळेत गाणं शिकवी. परक्या गावात नूलाला जिवाभावाचं माणूस तेवढं एकच.

निएवेस नावाची एक अबोल पोर होती. आई जर्मनीत म्हातारी माणसं सांभाळायला गेलेली, म्हणून ही मावशीकडे. एकदा वर्ग सुटल्यावर ती मागं रेंगाळली आणि इंग्रजीत हळूच म्हणाली, "मी आईला कमी फेकते." आठवण येते हे त्यांच्या भाषेत असंच म्हणतात, लेकरानं शब्दाला शब्द जोडला होता. नूलानं तिला पोटाशी धरलं.

"कुणाला सांगू नका हं, बाई."

"नाही गं राणी."

पण संध्याकाळी तिला राहवलं नाही. मिलाग्रोसला सांगताना ती रडली. मिलाग्रोसही रडली.

मग कार्निवल आला. वर्षभरात ज्याची त्याची झालेली फजिती गाणाऱ्यांच्या टोळ्या गल्लोगल्ली गाऊन दाखवू लागल्या. नूला जवळ्याच्या भज्यांचा पुडा घेऊन चौकात उभी होती. मिलाग्रोसची टोळी आली ती सगळी नूला होऊनच: तांबडे केस, हिरवा कोट! कुत्रे विंचरून झाले, आई कोंबडीत शिरली, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसली ती नूला.

तेवढ्यात चाल बदलली. "आई गेली जर्मनीला, लेक तिला कमी फेकते..."

चौक खदखदला. नूलानं हातातला पुडा खाली घेतला. समोर मावशीचं बोट धरून निएवेस उभी होती. तिची नजर गाणाऱ्यांकडे नव्हती. ती नूलाकडे बघत होती.

गाणं संपल्यावर मिलाग्रोस घाम पुसत आली. "कसं झालं गं?"

"ते का गायलीस?"

"अगं वेडे, आपल्याकडे गाण्यात येणं म्हणजे मान! बापाच्या दुसऱ्या लग्नावर मीच रचलं होतं, अजून गुणगुणतो तो."

"माझ्यावर हवं तेवढं रच. ते माझं नव्हतं."

"मग मला सांगितलंस कशाला?"

"तुला सांगितलं होतं, मिला. गावाला नाही."

मिलाग्रोसनं केसांचा टोप काढला, पुन्हा घातला. टोळी पुढच्या गल्लीत निघाली होती, तीही गेली.

शाळा उघडली. नूलानं निएवेसच्या बाकाशी वाकून विचारलं, "आई कशी आहे?"

पोर ताठ उभी राहिली. "माझी आई बरी आहे. आभारी आहे, बाई." इंग्रजी अगदी पुस्तकातलं, एकही चूक नाही. आणि खाली बसली.

बाबांनो, घरातलं लेकरू काही बोबडं बोललं आणि ते चारचौघांत सांगायची तुम्हाला हौस आली, तर आधी त्या निएवेसला आठवा.