साठ ठिपक्यांचा देवमासा

कल्पना करा बरं, तुमच्यासमोर एक कोरी भिंत आहे. चांगली दहा पावलं लांब, नुकताच पांढरा रंग दिलेली. तिच्यावर तुम्हाला देवमासा काढायचाय. कसा काढायचा ते डोक्यात पक्कं आहे. पण तुमचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे आणि शिडीवर चढायला डॉक्टरांनी साफ मनाई केलीय. आता काय करायचं?

खारूताईच्या मावशीची अवस्था नेमकी अशीच झाली होती. वीस वर्षं मावशीने दुकानांच्या पाट्या रंगवल्या, फाटकांवर ‘येथे गाडी लावू नये’ लिहिलं. चित्र काढायला भिंत मिळाली ती पहिल्यांदाच, वाचनालयातल्या मुलांच्या खोलीत. आणि त्याच आठवड्यात जिन्यावरून तिचा पाय घसरला. वाचनालयाच्या बाईंनी सांगून टाकलं होतं, "आज सहापर्यंत निदान आकृती तरी दिसू द्या. नाहीतर आम्ही छापील कागद चिकटवून मोकळे होतो."

मावशीच्या हाताखाली लंबूकाका होता. रंग भरण्यात पटाईत, पण रेघेशी त्याचं जन्माचं वाकडं. "मी काढलेला घोडा खाटेसारखा दिसतो," असं तो स्वतःच सांगे.

म्हणून अकरा वर्षांची खारूताई पुढे सरसावली. हे नाव तिला घरच्यांनीच ठेवलेलं, कारण तिच्या खिशात कायम स्क्रू आणि वायरींचे तुकडे साठवलेले असत. काडेपेटीपेक्षाही लहान अशा दोन मोटारी तिने एकीवर एक बसवल्या होत्या. खालची मोटार यंत्राची मान डावीकडे-उजवीकडे वळवायची, वरची मोटार ती खाली-वर करायची. त्यांच्या माथ्यावर लाल ठिपका पाडणारा लेझर. कागदावरच्या माशाच्या कडेने खारूताईने साठ जागा निवडल्या होत्या आणि त्यांचे आकडे लॅपटॉपवरून यंत्राला शिकवले होते. ठिपका थांबेल तिथे लंबूकाकाने निळ्या खडूची खूण करायची. खुणा जोडल्या की मासा तयार.

"काका, लेझरकडे वळून बघायचं नाही हं. डोळे भिंतीवर."

"जशी आज्ञा, मालकीणबाई."

पडदे ओढले. ठिपका तोंडापासून निघाला, पाठीवरून शेपटीपर्यंत गेला आणि पोटाखालून परत आला. साठ खुणा झाल्या. त्यानंतर तो पुन्हा पहिल्या खुणेवर यायला हवा होता. तो पडला वीतभर बाजूला.

"याचं तोंडच मिटत नाही," लंबूकाका शिडीवरून म्हणाला. "दाढ दुखत असेल."

घड्याळात साडेचार झाले होते. खारूताईने पुन्हा आकड्यांवर नजर टाकली. आकडे तर तिने तीनदा तपासले होते!

"मावशी, माझ्यामुळे तुझी भिंत जाणार."

"भिंत कुठे पळून चाललीय? रडायचं ते नंतर रड, वेळ ठेवलाय मी त्यासाठी," मावशी म्हणाली. "आधी सांग, तो कुठून येताना चुकतो?"

हा प्रश्न खारूताईला सुचलाच नव्हता. तिने ठिपक्याला एकाच जागी दोनदा पाठवलं, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून. दोन्ही वेळा ठिपका वेगळ्याच ठिकाणी थांबला. मग तिने मोटारीचा दांडा चिमटीत धरून हलवला. किंचित ढिला लागला. आतल्या चाकांचे दात एकमेकांत घट्ट बसत नव्हते. यंत्रापाशी केसभर असलेली ही ढील भिंतीवर वीतभर होत होती.

मावशीने डाव्या हाताने डब्यातून एक जुना ब्रश काढला. त्याचं डोकं लटपटत होतं. "हा बघ. पुढे-मागे चालवला की रेघ हुकलीच. म्हणून याने मी कायम डावीकडूनच रेघ ओढते. परत यायचं तर ब्रश उचलून येते. अर्ध्या गावाच्या पाट्या केल्यात याने."

"म्हणजे ब्रश दुरुस्त केलाच नाहीस?"

"नाही. त्याची खोड ओळखली, बस्स."

खारूताईने ब्रशचं लटपटणारं डोकं एकदा हलवून पाहिलं. मग ती लॅपटॉपवर अशी वाकली की नाक पडद्याला टेकायचंच बाकी होतं. प्रत्येक ठिपक्याआधी आता लेझर बंद करायचा, मान थोडी डावीकडे आणि वर न्यायची, आणि दर वेळी तिकडूनच ठिपक्यावर यायचं. तेवढीच भर तिने घातली.

"काका, जुन्या खुणा पुसा!"

"सगळ्या?" लंबूकाकाने कपाळाला हात लावला. कपाळही निळं झालं.

दुसरी फेरी सुरू झाली. पाठ झाली, शेपटी झाली, पोट झालं. अठ्ठावन्न. एकोणसाठ. साठ. लेझर विझला, मोटार कुरकुरली, आणि लाल ठिपका पहिल्या खुणेच्या बरोब्बर मध्यावर येऊन बसला.

"मिटलं रे तोंड!" लंबूकाका ओरडला. मावशी खुर्चीत मागे रेलली. सकाळपासून कानाला भिडलेले तिचे खांदे हळूहळू खाली आले.

खुणा जोडून झाल्या तेव्हा सहाला वीस मिनिटं कमी होती. बाई दारातून डोकावल्या, भिंत बघितली आणि छापील कागदाची गुंडाळी काखेत मारून निघून गेल्या.

"अगं, पण डोळा?" मावशी म्हणाली. "याला डोळा कुठाय?"

"त्याचे आकडे मी घातलेच नाहीत. डोळा खाली आहे, शिडी लागत नाही. तो तू काढ."

"डाव्या हाताने? वाकडा येईल गं."

खारूताईने लेझर बंद केला आणि खडू मावशीच्या डाव्या हातात ठेवला. मग लंबूकाकाला कोपराला धरून वळवलं आणि स्वतःही भिंतीकडे पाठ करून उभी राहिली.