पुसायला बंदी

सर्व्हर आठवड्यात चौथ्यांदा बसला तेव्हा सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि माझ्या टेबलावर माझाच कबुलीजबाब टाइप होऊन पडला होता. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे रुग्णालयाचा डेटाबेस वारंवार बंद पडत आहे.’ खाली माझं नाव आणि सहीसाठी रेघ. बाराच्या आत सही करायची, नाहीतर निलंबन. हा पराक्रम आमच्या प्रशासकांचा. त्यांना सगळे नियमावली म्हणतात, अर्थात पाठीमागे.

एकोणीस वर्षं हा डेटाबेस मी सांभाळतेय. सोमवारी तो पहिल्यांदा पडला, तेव्हा मेमरीची एक पट्टी खराब झाली होती. तासाभरात मी ती बदलली. विषय तिथेच मिटायचा. पण नियमावलींनी चौकशी लावली आणि माझ्या खोलीच्या दारावर हुकूम चिकटवला: सर्व्हरवरच्या सगळ्या फाइली पुरावा आहेत, चौकशी संपेपर्यंत एकही पुसायची नाही.

आता आमच्याकडे रोज पहाटे जुने बॅकअप आपोआप पुसले जातात, म्हणून तर नव्यांना जागा होते. हुकमाने तेही थांबलं. डिस्क भरली की डेटाबेसला नोंद लिहायला जागा उरत नाही आणि तो बसतो. वर बसताना आपल्या मेमरीची भलीमोठी प्रत त्याच डिस्कवर टाकून जातो. म्हणजे पुरावा जपण्यापायी सर्व्हर पाडायचा, आणि पडला की आणखी पुरावा. धन्य ती अक्कल.

हे मी बुधवारी तोंडी सांगितलं. लेखी द्या म्हणाले. लेखी दिलं. उत्तर आलं, प्रकरण चौकशीत आहे. मग दोन दिवस मी इथल्या फाइली शेजारच्या मशीनवर हलवून वेळ मारून नेली. आज तेही गच्च भरलं.

फोन वाजला. माझी नणंद वरच्या मजल्यावर प्रयोगशाळेत काम करते. घरी ती माझी एक चूक सोडत नाही, पण आज आवाज खाली आला होता.

“वहिनी, ऑपरेशनच्या टेबलावर एक बाई आहे. तिचे जुने रिपोर्ट दिसत नाहीयेत, डॉक्टर अडलेत. किती वेळ लागेल?”

“पाच मिनिटं,” मी म्हटलं.

नियमावली पेन घेऊन दारातच उभे होते. एका फाइलीला जरी हात लावलात तर पुरावा नष्ट केला असं धरलं जाईल, मग निलंबनावर भागणार नाही, थेट घरी, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मी घाबरले. खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त संताप आला होता. खऱ्या बिघाडाची, म्हणजे सोमवारची पहिली प्रत तेवढी बाजूला ठेवली, बाकीच्या प्रती आणि जुने बॅकअप निवडले आणि पुसायचं बटण दाबलं.

डिस्क मोकळी झाली. सर्व्हर उठला. मिनिटभरात नणंदेचा फोन आला, रिपोर्ट दिसले.

मी साहेबांच्याच हातातलं पेन घेतलं, कबुलीजबाबावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: ‘हुकूम मोडून मी आज अकरा वाजून एकोणीस मिनिटांनी तेवीस फाइली जाणूनबुजून पुसल्या. सर्व्हर सुरू आहे.’ त्याखाली ठसठशीत सही केली.

त्यांनी ते दोनदा वाचलं. हे तुमच्या अंगाशी येईल म्हणाले. येऊ दे, म्हटलं, फक्त माझं बुधवारचं पत्रही सोबत जोडा.

कागदाची घडी करून ते निघाले आणि जाता जाता दारावरच्या हुकमाचा एक कोपरा नखाने हळूच सोलायला लागले.

“राहू द्या, साहेब,” मी म्हटलं. “पुरावा आहे.”