त्या खोलीतली बंगाली बाई

श्रीधर स्वतःला फार धोरणी समजत असे. आईच्या गर्भपिशवीत कॅन्सर आहे आणि तो सगळ्या पोटात पसरला आहे, हे डॉक्टर बागचींनी सांगितलं तेव्हा आई समोरच पलंगावर बसली होती. तरी तिला काही कळलं नाही याची त्याला खात्री होती, कारण सगळं बोलणं बंगालीत झालं होतं.

आईला, म्हणजे कालिंदीबाईंना, बंगाली येत नाही, हे बालीगंजच्या त्या घरात गृहीतच होतं. श्रीधरचे वडील इंग्रजांच्या काळात रेल्वेच्या हिशेबखात्यात बदलून आले ते इथलेच झाले. पण उंबऱ्याच्या आत मराठीच बोलायचं, नाहीतर पोरं विसरतील, असा त्यांचा दंडक. वडील वारले, देश स्वतंत्र झाला, दंडक मात्र तसाच राहिला. आणि पुरुषमाणसं ऑफिसला गेल्यावर गच्चीवरच्या शेजारणींशी आई कोणत्या भाषेत बोलते, हे बघायला कोण जातंय?

डॉक्टर म्हणाले होते, "रेडियम दिलं तर थोडे महिने मिळतील. पण आतून भाजेल, फार सोसावं लागेल. बऱ्या काही होणार नाहीत."

"द्या," श्रीधर बंगालीत म्हणाला. "तिला मात्र काही सांगू नका." मग आईकडे वळून गोड आवाजात मराठीत, "साधी सूज आहे गं. इस्पितळात शेक देणार आहेत."

आईनं मान हलवली. त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजसुद्धा वाटली नाही.

शनिवारी तो अर्ध्या दिवसानं घरी आला. बायको, शैला, बाजारात गेली होती. जिन्यातच त्याला आईच्या खोलीतून एका बाईचा आवाज ऐकू आला. खालच्या पट्टीतलं, अस्खलित बंगाली. "मला जाळू नका, डाक्तारबाबू." जरा थांबून ती पुन्हा तेच म्हणाली, वेगळ्या शब्दांत.

शेजारीण असेल म्हणून त्यानं दार लोटलं. आत दुसरं कुणीच नव्हतं. आई पाठमोरी बसून भिंतीशी बोलत होती, आणि तो आवाज तिच्यातून येत होता. आपल्या आईला हाक मारायची त्याला भीती वाटली. तो पाय न वाजवता खाली आला आणि शैला येईपर्यंत रस्त्यावर उभा राहिला.

पुढे तो आवाज त्याची पाठ सोडीना. ट्राममध्ये मागच्या बाकावरची कुणी बाई बोलू लागली की तो दचकून वळून बघे. आईला विचारायचं धाडस काही झालं नाही. ती त्याच्याशी पूर्वीसारखीच मराठीत बोलत होती, जेवलास का, म्हणून विचारत होती.

डॉक्टर इस्पितळाचा दिवस ठरवायला आले, तेव्हा तिनं भिंतीशी पाठ केलेलं ते वाक्य त्यांच्यासमोर नीट म्हटलं. बागचींनी एकदा तिच्याकडे, एकदा श्रीधरकडे पाहिलं. "तुम्ही बोलून घ्या," म्हणत ते जिन्यात जाऊन थांबले.

"आई, असं नको ना करूस," श्रीधर काकुळतीला आला. "घे गं रेडियम. माझ्यासाठी घे."

ती बंगालीतच म्हणाली, "मराठीत तू मला सूज सांगितलीस. खरं ते बंगालीत बोललास. आता बंगालीतच बोल."

जन्मात तो तिच्याशी त्या भाषेत बोलला नव्हता. जीभ रेटेना. तिच्या नजरेनं त्याला सोडलं नाही.

"मा," तो म्हणाला, "तुमि बांचबे ना." तू वाचणार नाहीस. आणि त्याला हुंदका आवरेना.

"जानि," ती म्हणाली. ठाऊक आहे. तिचे डोळे कोरडे होते.

तो उठला. रेडियम नको, असं जिन्यात डॉक्टरांना सांगून परत आला.

"आई, पाणी देऊ?"

ती गप्प राहिली. त्यानं तेच बंगालीत विचारलं.

"दाओ," ती म्हणाली.