भुणभुण काढलेली गिटार

रामरावांच्या गायन पार्टीत देवमनची जागा गायिकेच्या उजव्या हाताला होती. ती जागा राहणार की जाणार, हे चौऱ्याहत्तर सालच्या भीमजयंतीला ठरायचं होतं.

देवमन मंगरूळपीरच्या पंचायत समितीत कारकून होता. दिवसभर लोकांच्या विहिरींची प्रकरणं पुढं सरकवायची आणि संध्याकाळी गिटार काढून बसायचं. नागपूरच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून त्यानं ती घेतली होती. लाल रंगाची, विजेवर चालणारी. कुठल्या कंपनीची, ते विकणाऱ्यालाही सांगता आलं नाही. डोक्यावरची नावाची पट्टी कधीच पडून गेली होती आणि तिथं दोन भोकं तेवढी उरली होती. खुंट्या इतक्या सैल, की गाण्याच्या सुरुवातीला जुळवलेली तार कडवं संपेपर्यंत उतरायची. आवाजाचं बटण फिरवलं की भोंग्यातून पापड मोडल्यासारखी कडकड यायची. आणि लाउडस्पीकरच्या मशीनला जोडली रे जोडली, की वाजवा न वाजवा, एकसारखी भुणभुण सुरू.

पण तालुक्यात दुसरी गिटार नव्हती. लोक ऐकायला कमी आणि बघायला जास्त येत. रामरावही असे भुलले, की त्यांनी पेटीची जागा गिटारला दिली आणि पेटीवाल्या पुंजाजीला मागं सरकायला सांगितलं. पुंजाजी मागं सरकला नाही. त्यानं पेटी काखेत मारली आणि थेट कारंज्याच्या पार्टीत जाऊन बसला. जाताना एवढंच म्हणाला, "आता त्या लाल लाकडालेच इचारा सूर."

रामराव हसले. त्यांना काळजी नव्हती, कारण पार्टीची गायिका भागिरथाबाई पेटीवाचूनही तशीच गायला लागली. बाईच्या नसानसांत सूर आहे, असं तालुक्यात बोललं जाऊ लागलं. बाई स्वतः ते जरा जास्तच वेळा बोलायची. "मले पेटी लागत नाही. पेटी लागते ते कच्च्या गळ्यायले."

दोन वर्षं अशी गेली. मग रामरावांचा गिटारवरचा जीव उडाला.

"देवमन, तुह्या गिटारमधी गांधीलमाशा भरल्या का रे?" एका कार्यक्रमानंतर त्यांनी सर्वांसमोर विचारलं. "जयंतीले कारंज्याच्या पार्टीसंग मुकाबला आहे. तोवर हे भुणभुण बंद झाली तर ठीक. नाही तर तुह्या जागी अमरसिंगले बसवतो. त्याच्यापाशी बॅन्जो आहे."

अमरसिंग मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा तरुण. त्याचा बॅन्जो भुणभुणत नव्हता, हे देवमनलाही ठाऊक होतं. दुसऱ्याच दिवशी तो गिटार घेऊन दर्ग्याच्या रस्त्यावर गफ्फारच्या रेडिओ दुकानात गेला.

गफ्फारनं आजवर एकही गिटार उघडली नव्हती, पण हे त्यानं सांगितलं नाही. मागची पट्टी काढून तो आत डोकावला आणि डॉक्टरनं टाकावा तसा त्यानं सुस्कारा टाकला.

"या अल्ला! सगळे वायर उघडे. दुनियाभरची लाइट पिऊन राह्यली हे."

"बरी होईन?"

"बरी? भाऊ, मी इले नवी करून देतो. तू फक्त घाई करू नको."

देवमनला घाई होती, पण गफ्फारला आता नाद लागला होता. नागपूरहून नव्या चकचकीत खुंट्या आल्या. तारा ज्या पट्टीवर टेकतात ती जुनी पत्र्याची पट्टी जाऊन लेथवर घडवलेली पितळी पट्टी आली. आवाजाचं बटण एका मेलेल्या रेडिओतून आलं आणि मरणानंतर फार चांगलं चाललं. चहाच्या खोक्यातला चंदेरी कागद काढून गफ्फारनं गिटारचं पोट आतून मढवलं. त्या कागदाला एक वायर जोडली, पितळी पट्टीच्या पोटाखाली दुसरी वायर डाक देऊन पक्की केली आणि दोन्हींचं अर्थिंग मशीनला जोडलं. शेवटी त्यानं गिटार जोडली, आवाज पूर्ण चढवला आणि बोट वर केलं.

"सुन!"

"काय ऐकू?"

"काहीच नाही. तेच ऐक!"

खरंच काही नव्हतं. भोंगा बंद आहे की चालू, हे कळत नव्हतं. मग देवमननं तार छेडली आणि स्वच्छ, गोल आवाज निघाला. आपण इतके बरे वाजवतो, हे त्याला प्रथमच कळलं. नव्या खुंट्यांवर तारा तासन्‌तास जुळलेल्या राहत. त्यानं जयंतीच्या मुख्य गाण्यात, दोन कडव्यांच्या मध्ये वाजवायचा एक तुकडा बसवला आणि रोज घोटला. त्याची बायको चंपाबाई भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "आता तुमचं वाजवणं आयकू येते. आधी नुसतं जातं फिरल्यावानी वाटे."

विहारातल्या पहिल्या तालमीला रामराव खूष झाले. जगदेवनं ढोलकी धरली, भागिरथाबाईनं डोळे मिटले आणि उचल केली. पहिली ओळ झकास लागली. दुसरीत सूर जरा वर चढला. तिसऱ्या कडव्याला बाई कुठल्या गावी आहे, ते कोणालाच सांगता येईना. देवमन एका स्वरात वाजवत होता आणि बाई शेजारच्या स्वरात गात होती. जगदेव ढोलकी थांबवून छताकडं बघायला लागला.

"दार कोनं उघडं ठेवलं?" बाई कडाडली. "वारं लागलं माह्या गळ्याले!"

दुसऱ्या दिवशी दारं बंद केली. घामानं सगळे भिजले, पण बाईचा सूर ठिकाणावर आला नाही. तिसऱ्या दिवशी बाईच आली नाही. गळा धरला, असा निरोप आला.

त्या संध्याकाळी घरी चालता चालता देवमनला एक तांडा आठवला. तिथं विजेची लाइन नव्हती, म्हणून लाउडस्पीकरवाल्यानं मशीन ट्रकच्या बॅटरीवर चालवलं होतं. बॅटरीवर गिटार भुणभुणली नव्हती, आणि त्या दिवशीही बाई अशीच भरकटली होती. दोष तेव्हा जेवणातल्या तेलाला दिला गेला होता. देवमन वाटेतूनच मागं फिरला आणि रामरावांकडं गेला.

सगळं ऐकून रामरावांनी पान गालात सरकवलं.

"मंजे दोन वर्षं बाई त्या भुणभुणीवर सूर लावून राह्यली?"

"हो ना. तिले बी ठाऊक नाही."

"मंग सांग तिले."

"मी काहून? मालक तुमी आहा."

"मले लेकरंबाळं आहेत, बावा." रामरावांनी पिंक टाकली. "पेटीवाला आता भेटत नाही. एक होता, तो कारंज्यात. बाईले काही सांगू नको. भुणभुण वापस आण."

"आणि माही जागा?"

"भुणभुण आली तर जागा आहे."

देवमन गफ्फारकडं गेला. गफ्फारनं त्याचं बोलणं पुरं होऊ दिलं नाही.

"बिघडलेलं मी दुरुस्त करतो. दुरुस्त केलेलं बिघडवाचं काम दुसऱ्याले सांग. आणि सुन, जयंतीले मी माह्या साल्यायले घेऊन येऊन राह्यलो. खास माहं काम ऐकाले!"

तेव्हा देवमननं घरीच मागची पट्टी उघडली. चंदेरी कागदाची वायर समोरच दिसत होती, ती त्यानं तोडली. दुसरी पितळी पट्टीच्या पोटाखाली डाक देऊन बसवलेली होती. तिच्यासाठी सगळ्या तारा सोडून पट्टी उखडावी लागली असती, आणि जयंती उद्यावर आलेली. ती त्यानं तशीच राहू दिली. विहारात जाऊन गिटार मशीनला जोडली. भुणभुण परत आली! त्याला इतकं बरं वाटलं, की आनंदानं त्यानं तारेवर बोट ठेवलं.

भुणभुण गेली.

बोट उचललं. भुणभुण आली. पुन्हा ठेवलं, पुन्हा गेली. त्यानं बोटं बदलून पाहिली, हात बदलून पाहिला. पट्टीखाली राहिलेली वायर तारेला हात लागताच भुणभुण गिळत होती. तोडलेली वायर पुन्हा जोडली तर भुणभुण कायमची जात होती. ही गिटार आता एक तर भुणभुणू शकत होती, नाही तर वाजू शकत होती.

"हात लावू नको मंग," रामराव म्हणाले. त्यांना यात काही अवघड वाटलं नाही.

"मी मंचावर बसून करू काय?"

"बस की. मान हालव. एवढा साज केला गिटारचा, लोकायले दिसू दे."

भागिरथाबाईला तालमीला बोलावलं. गळा एका ओळीत सुटला. अडुळशाचा काढा लागू पडला, असं तिनं जाहीर केलं.

जयंतीला मैदान फुलून गेलं होतं. कारंज्याची पार्टी समोरच्या मंचावर, पुंजाजी पेटीवर. गफ्फार आपल्या तिन्ही साल्यांना घेऊन अगदी पुढं बसला होता. मुकाबला रंगला आणि मंगरूळपीरच्या मुख्य गाण्याची पाळी आली. गिटार जोडताच मैदानभर भुणभुण पसरली आणि बाईनं उचल केली. गफ्फारचा चेहरा उतरला. साल्यांपैकी एकानं त्याच्या कानात काहीतरी विचारलं, तसा तो उठून मंचाच्या कडेला आला.

"देवमन! तारेवर हात ठेव!" तो दबक्या आवाजात ओरडला. "इज्जत चालली ना माही!"

देवमनची बोटं नकळत तारांवर टेकली. भोंगे गप्प झाले आणि बाईचा पुढचाच शब्द घसरला. समोर पुंजाजीनं पेटीवरून मान वर केली.

"हात काढ!" मागून रामराव फुसफुसले.

"ठेव रे बाप्पा!"

"काढ म्हणतो ना, काढ!"

दोन कडव्यांमधली जागा आली होती. त्याच्या तुकड्यासाठी जगदेवनं ढोलकी हलकी केली. महिनाभर घोटलेला तुकडा देवमनच्या बोटांत तयार होता. वाजवला असता तर मैदानानं ऐकलाही असता, आणि पुढच्या ओळीला बाई भलत्याच गावी गेली असती. देवमननं बोटं उचलली. डावा हात तारांच्या वर, अधांतरी, दांडीवरून खाली-वर फिरवला. उजव्या हातानं हवा छेडली. नव्या खुंट्या दिव्यांत चमकल्या. मोकळी जागा बाईनं आपल्या आलापानं भरून काढली आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या.

"काय हात चालते गिटारवाल्याचा!" पुढच्या रांगेतलं कोणीतरी म्हणालं. गफ्फारनं वळून त्या माणसाकडं पाहिलं आणि साल्यांना घेऊन निघून गेला.

निकाल मंगरूळपीरच्या बाजूनं लागला. हार-नारळ झाल्यावर पुंजाजी देवमनपाशी आला.

"पांढरी पाच," तो पेटीच्या पट्टीचं नाव घेत म्हणाला.

"कायची?"

"तुही भुणभुण. मी बी बाईले तेच सूर देत होतो. पण भाता हलवून माहा हात दुखे. तुहं बरं आहे."

तेवढ्यात रामरावांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, की देवमनची जागा आता कायमची, अमरसिंगच्या बॅन्जोची गरज नाही. भागिरथाबाईनंही मान डोलावली.

"देवमनभाऊची गिटार आता लय गोड झाली. आधी तिचं मधीमधी कुरकुर चाले. आता कशी, मानसाले गाऊ देते."

कामरगावचे दोघे पुढच्या कार्यक्रमाचं ठरवायला थांबले होते. त्यांची एकच अट होती, गिटारवाला पाहिजे.

"येईन ना," रामराव म्हणाले. "काय रे देवमन?"

देवमननं गिटार खोळीत घातली, नाडी बांधली आणि तारीख विचारून घेतली.